दोष पाण्याचा होता, गजाभाऊ

गजाभाऊ, जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे लिहिता लिहिता मागे फिरायला जागा राहणार नाही. तुझे कण खराब नव्हते. ते बाटलीच्या तळाशी बसले ते पाण्यामुळे, आणि ते पाणी मी घातलं होतं. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. तुला माहीत नव्हतं. आता तू नाहीस आणि मी कागदाला सांगत बसले आहे.

तुझ्या तेरवीला तुझ्या ज्युनिअर कॉलेजचे मास्तर लोक समोरच्या पंगतीत होते. एक जण म्हणाले, “सर म्हंजे गरीब मानूस. पोट्ट्यायवर कधी आवाज नाई चढवला.” दुसरे म्हणाले, “फक्त प्रॅक्टिकल आलं की दुसऱ्यावर ढकले. थेअरी कितीबी घ्या म्हनलं तरी घे.” सगळे प्रेमाने हसले. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. प्रॅक्टिकल टाळणारा गजानन! असा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. तो मीच तयार केला, हे त्या पंगतीत फक्त मला ठाऊक होतं.

माझ्या ओळखीचा गजानन वेगळा होता. वाशीमला आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा तू पँट घोट्यापर्यंत दुमडून, कानात पेन्सिल खोचून फ्लास्क धूत होतास. जवळच्या शिरपूरहून बसने येईपर्यंत मी मनात घोकून आले होते की आपण कुणापुढे दबायचं नाही. त्यामुळे नाव सांगायच्या आधीच सांगितलं की माझे बाबा बसस्टँडवर पंक्चर काढतात आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तू म्हणालास, “मंग? मी काय राजाचा पोट्टा आहो? माह्या बापाले सहीबी येत नाई.” मी म्हटलं, “तुमी इथी सिनिअर आहा का?” तर तुला हसू आवरेना. “तुमी कायले म्हंतं वं? मी काय तलाठी आहो? गजाभाऊ म्हन, नाईतर नुसतं गजा म्हन.” त्या दिवसापासून तू गजाभाऊ.

आपण काय करायचो हे मला आजही कुणाला नीट सांगता येत नाही. तुला यायचं. एकदा बाबा मला डबा द्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “हे तुमी दिवसभर करता काय?” तू त्यांना स्टुलावर बसवलंस, खिडकीला काळा कागद लावलास आणि अतिनील दिवा लावलास, ज्याला आपण काळा दिवा म्हणायचो. नळीतलं तेल केशरी पेटलं. बाबांनी हात पुढे केला आणि पटकन मागे घेतला.

“गरम नाई बाबा,” तू म्हणालास. “त्यात कण आहेत. इतके बारीक की डोयाले काय, साध्या दुर्बिनीलेबी दिसत नाई. एकाच मालाचे, पन बारीक ठेवले की हिरवे दिसते, मोठे केले की लाल. अन् हे तेलातच जन्मते, आंगावर तेलाचा थर घेऊन. आमाले त्यायले पान्यात न्याचं हाये.”

बाबा म्हणाले, “मंग तेलातच राहू द्या ना. दिवा तेलातच जळते.”

तू इतका हसलास की आपले गाइड सर केबिनमधून बाहेर आले. मग तू बाबांना सांगितलंस की माणसाचं रक्त, लघवी, शरीरातलं सगळं पाण्याचं असतं. हे कण पाण्यात मिसळले तरच ते आजाराच्या खुणेला चिकटतील आणि उजेडाने ती दाखवतील. “पन तेल चोपडलेल्या पोराच्या आंगावर पानी ठरते का बाबा? तसंच हाये हे.” बाबा घरी येऊन आईला म्हणाले, पोरीला मास्तर चांगला भेटला. तू मास्तर नव्हतास, माझ्यासारखाच पीएच.डी. करणारा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा विद्यार्थी होतास. मी ते दुरुस्त केलं नाही.

कण बनवणं मला तू शिकवलंस. तीनशे डिग्रीच्या आसपास तापलेलं तेल, वरून एका दमात सुई रिकामी करायची, हात थरथरला की दाणे लहानमोठे होतात आणि रंग गढूळ होतो. तू घड्याळ बघायचा नाहीस. पिवळा, गडद पिवळा, केशरी, आणि तुझ्या मनात काहीतरी वाजायचं, तू खालची शेगडी बाजूला करायचास. “किती सेकंद झाले?” मी वही घेऊन विचारायची. “तूच मोज ना, मी पाहून राह्यलो,” तू म्हणायचास. माझ्या वहीत सेकंद आहेत, तुझ्या वहीत प्रत्येक पानावर हवामान आहे. ‘आज ढग.’ ‘आज वारं लय.’ मी त्याला हसायची. आणि हातमोज्याशिवाय मी बाटलीला बोट लावलं की तू माझ्या मनगटावर पट्टी मारायचास. “यात कॅडमियम हाये, हळद नाई.”

पाण्यात न्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. खाली क्लोरोफॉर्ममधले तुझे कण, वर पाणी, आणि मध्ये ते वास मारणारं आम्ल. त्या आम्लाचं एक टोक कणाला चिकटतं आणि दुसरं पाण्याशी सोयरीक जुळवतं. नळी हलवायची आणि थांबायचं. मग काळ्या दिव्याखाली तो केशरी उजेड खालच्या थरातून निघून वरच्या थरात चढायचा आणि तू, मोटर सुरू केल्यावर पाइपाच्या तोंडाशी उभं राहावं तसा वाकून ओरडायचास, “चढला, चढला!” लॅबमध्ये दोघंच असायचो तरी ओरडायचास.

त्या आम्लाचा वास केसांत बसायचा. एकदा बसमध्ये माझ्या शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं. आम्ही बौद्ध, तू कुणबी, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मला राग आला असता, पण तू विचारलंस, “वासानं उठली का जातीनं, ते पाह्यलं का?” मी म्हटलं, “जात विचाराले तोंड उघडा लागते. तिनं तं नाक दाबलं होतं.” तू स्टुलावरून घसरलास हसता हसता. तेवढं मोकळं मी कॉलेजात दुसऱ्या कुणाशी बोलले नाही, नंतरही नाही.

भांडण मात्र आपलं एकच होतं आणि ते मिटलं नाही. तू म्हणायचास, तेलाचा जुना कपडा काढून नवा घाल, कण बारीक राहतो. मी म्हणायची, जुना ओरबाडून काढला की कणाला जखम होते, उजेड कमी होतो. त्यापेक्षा जुन्यावरून दुसरा गुंडाळ. “मंग तो कण राह्यते का गाठोडं?” तू म्हणायचास. “गाठोडं तं गाठोडं, पेटते तं खरं!” मी म्हणायची. तुझ्यामागे मी दोन्ही करून पाहिलं, गजाभाऊ. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. हे तुला सांगितलं असतं तर तू मान्य केलं नसतंस आणि मला ते आवडलं असतं.

आता त्या उन्हाळ्याचं.

नळ दहाव्या दिवशी यायचा. डिस्टिल्ड पाणी करायचा आपला प्लांट गार ठेवायला वाहतं पाणी लागतं. नळच कोरडा तर प्लांट कशावर चालणार. शेवटचा कॅन संपत आला होता. नागपूरच्या एका प्रयोगशाळेला आपले नमुने पाठवायचे होते. त्या कामाच्या प्रकल्पात पगाराची एकच जागा होती आणि सरांनी ती तुझ्या नावावर धरली होती. कण तू बनवलेस. पाण्यात नेऊन, धुऊन, शेवटच्या पाण्यात भरून द्यायचं काम माझं.

शेवटचं पाणी मी ऑफिसातल्या जारमधून घेतलं.

मी बेफिकीर नव्हते, हे तरी तू मानशील. आमच्याकडे बोअरचं पाणी, हंड्याला पांढरा थर चढवणारं. ते आम्ही फडक्यातून गाळून प्यायचो. लग्नात थंड पाण्याचे जार आले की बाया म्हणायच्या, पाव्हणे मोठे दिसतात. जार म्हणजे माझ्या लेखी शुद्ध पाणी, पैसे देऊन आणलेलं. मी एम.एस्सी. झालेली, पाण्यातल्या क्षारांवरून त्याचा जडपणा काढायचं गणित परीक्षेत अचूक सोडवलेली. पण जारवाला तेच बोअरचं पाणी थंड करून देत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. वहीत हाताच्या सवयीने मी ‘डिस्टिल्ड’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्यांत वर स्वच्छ पाणी होतं आणि तळाशी केशरी गाळ.

सरांनी बाटली उजेडाकडे धरली. “गजानन, काय झालं रे तुझ्या कणांना?”

मी तुझ्या आधी बोलले. “सर, मले जेवढे देल्ले तेवढे मी पान्यात नेले. बनवले मी नाई.” मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पण आवाज मला आठवतो. त्यात भीती होती की आता माझ्यावर येईल, आणि येऊ नये म्हणून मी तुला पुढे केलं.

तू माझ्याकडे पाहिलंस, मग बाटलीकडे. “माह्याच हातचं चुकलं असंल, सर. पुन्ना करतो.”

तू पुन्हा केलेस. मी पुन्हा जारचं पाणी घातलं. पुन्हा गाळ. तिसऱ्यांदा तू सुई भरताना तुझा हात थरथरला. मी समोर उभी होते, मी पाहिलं. त्याआधी कधी थरथरला नव्हता. तिसऱ्या बाटल्याही बसल्या तेव्हा सर म्हणाले, आता काही दिवस सुजाताला कण बनवू दे. तोवर पावसाळा लागला होता, नळाला पाणी आलं होतं, प्लांट सुरू झाला होता. माझे कण बसले नाहीत. कसे बसतील? नागपूरला माझ्या हातचे गेले आणि ती जागा मला मिळाली. कुणी कुणावर अन्याय केला असं कुणालाच वाटलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं.

दिवाळीनंतर तू आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावला, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला गेलास. जायच्या दिवशी मी म्हटलं, “गजाभाऊ, येत जा ना मंधामंधात.” तू कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवलीस. “काय करू येऊन? हात गेला माहा, सुजे.” तू ते हसून म्हणालास, म्हणून मीही हसले.

फेब्रुवारीत कपाट आवरताना तुझी एक नळी सापडली. त्या उन्हाळ्यातल्या पहिल्याच खेपेची, तेलातली, तुझ्या अक्षरात चिठ्ठी लावलेली. माझा माल संपला होता, म्हणून सहज ती पाण्यात नेली. महिनाभर ती बाटली टेबलावर होती. काळ्या दिव्याखाली धरली की पहिल्या दिवसासारखी पेटायची, तळाला कण म्हणून नाही. मग एका दुपारी मी दोन नळ्या घेतल्या, दोन्हींत तुझाच माल. एकीत डिस्टिल्ड पाणी, एकीत जारचं. चहा पिऊन परत आले तर जारच्या नळीत ढग धरला होता, आणि संध्याकाळपर्यंत तो खाली बसला. पाण्यातलं कॅल्शियम कणांना चिकटलेल्या आम्लाच्या शेपट्या एकमेकींना बांधत होतं. कॉलेजातला कोणताही हुशार पोरगा ओळखेल इतकी साधी गोष्ट.

फोन हातातच होता. तुझा नंबर पाठ होता.

मी फोन केला नाही. का, याची कारणं मी सहा वर्षं बदलत राहिले. थीसिस द्यायचा होता. सरांना काय वाटेल. जागा जाईल. गावात बाबा पंक्चर काढता काढता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की पोरगी डॉक्टर होऊन राह्यली, सुईवाली नाही, मोठीवाली. घरात पहिली असलेल्याला चुकायची मुभा नसते असं मी स्वतःला समजावलं. खोटं होतं ते. तूही तुझ्या घरात पहिलाच होतास, आणि तू न केलेली चूक सरांसमोर एका दमात आपल्या अंगावर घेतलीस.

मी त्याहून वाईट केलं. त्या दोन नळ्यांचं मी थीसिसचं एक प्रकरण केलं. ‘जड पाण्याचा कणांच्या स्थिरतेवर होणारा परिणाम.’ आलेख काढले, जणू पहिल्यापासून हेच शोधायचं ठरवलं होतं. आणि तू माझ्या तोंडी परीक्षेला आलास! मालेगावहून मोटरसायकलवर, पेढ्यांचा डबा घेऊन, मागच्या बाकावर. पडद्यावर तो आलेख आला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही. नंतर चहाच्या वेळी तू जवळ आलास.

“ते पान्याचं प्रकरन लय भारी हाये वं. कसं सुचलं तुले?”

“असंच,” मी म्हणाले.

तू माझ्याकडे क्षणभर पाहिलंस, पेढा माझ्या हातावर ठेवलास आणि बाबांशी बोलायला गेलास. तुला तेव्हा समजलं होतं का? हा प्रश्न मी रोज वेगळ्या बाजूने उलटून पाहते. समजलं असेल तर तू मला एक दार उघडून दिलं होतंस आणि मी ते ‘असंच’ म्हणून लावलं. समजलं नसेल तर तू अगदी मनापासून कौतुक करत होतास. दोन्हींतलं कोणतं कमी वाईट, ते मला ठरवता येत नाही.

त्यानंतर तू भेटणार असलास की मी सांगायचं ठरवून यायची. मालेगावच्या स्टँडवर भेटलास तेव्हा तुझ्या हातात भाजीची पिशवी होती. कॉलेजच्या मेळाव्यात भेटलास तेव्हा लोक होते. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी. आणि मग मालेगाव रस्त्यावर तुझी गाडी घसरल्याचा फोन आला.

तेरवीला माझी हिंमत झाली नाही. आठ दिवसांनी मी तुझ्या गावी, तुझ्या बायकोला भेटायला गेले. रेखावहिनी तूर पाखडत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं. पाणी, बाटल्या, जागा, थीसिस. त्यांचं सूप थांबलं नाही. शेवटी म्हणाल्या, “हे तुमी त्यायले सांगाचं होतं. मले सांगून काय फायदा, बाई?” मी उठायला लागले तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. “थांबा. मले नका सांगू. आईले सांगा.”

तुझी आई मागच्या अंगणात बाजेवर होती. मला वाटलं, या म्हातारीला मी कण कसे समजावू? पण तिला ते लागलंच नाही. मी इतकंच म्हटलं की कॉलेजात एक काम बिघडलं होतं, ते माह्यामुळे बिघडलं, अन् गजाभाऊले वाटलं त्याच्या हातानं बिघडलं.

ती बाजेवर उठून बसली. मग म्हणाली, “दरसाल पेरनीले मी म्हनो, गजा, पयली मूठ तू धर. घरातला शिकलेला हायेस, बरकत येईन. तो म्हने, बाबाले धरू दे, आई, माह्या हाताले यश नाई. मले वाटे, शिकला तं मातीची लाज वाटते याले. म्या त्याले बोल बोल बोलली. तिफनीपुढं, चार लोकायत.” तिने पदराने तोंड पुसलं. “म्हंजे हात चांगला होता त्याचा?”

“चांगला होता, आई. माह्याहून चांगला.”

“मंग त्याले काहून नाई सांगतलं वं, माय?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडून सुटले असते. तिला खरंच कळत नव्हतं, एवढी साधी गोष्ट कुणी कुणाला का सांगणार नाही. तिने मला जेवून जा म्हटलं. मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “मीही पाणी विचारलं नव्हतं.” त्या प्रकरणावर जो लेख छापायला जायचा आहे त्यात तुझं नाव पहिलं असेल, आणि जारच्या पाण्याची हकीकत जशी झाली तशी असेल. हे मी तुला उपकार म्हणून सांगत नाही. तुझ्या हाताला त्याचा आता काही उपयोग नाही.

पण तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं नाही, ते तुला देणं लागते. ना थीसिस, ना बाबा, ना सर. मला माहीत होतं की सांगितलं तर तू हसून म्हणशील, “जाऊ दे वं, सुजे,” आणि परत लॅबमध्ये येशील, फ्लास्क धुशील, सुई भरशील, आणि दहा दिवसांत सगळ्यांना दिसेल की आपल्या दोघांत चांगला हात कुणाचा आहे.

म्हणून नाही सांगितलं, गजाभाऊ.